माझं भादरलेलं डोकं

जोहान्सबर्ग
१४ ऑगस्ट

आई,

खोत्सो. तुमच्या घरात शांती असो. मामंजींचा गुडघा कसा आहे? ऐन हिवाळा, तिकडे बर्फ पडला असेल. मेंढरं डोंगरावरून खाली आणली का? थाकाने, हे आईंना सावकाश वाचून दाखव, आणि नणंद असलीस तरी मध्ये आपली अक्कल घालू नकोस.

सगळ्यात आधी हे, की पुलेंग जिवंत आहे. परवा फोनवर तुमचा हंबरडा ऐकला आणि मी फोन ठेवला. राग धरू नका.

डावा डोळा काढला तरी कॅन्सर हाडांच्या मगजात उतरला, हे तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी आधी तिच्याच रक्तातून मूळपेशी काढून गोठवून ठेवल्या. मग इतकं जहाल औषध दिलं की हाडांतला मगज पार जळाला. मग त्याच पेशी नळीतून परत सोडल्या. त्या रुजल्या तर पोर वाचेल, नाहीतर नाही. सोडताना खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास सुटला. त्या औषधाचाच असतो म्हणे. पुलेंग म्हणाली, "आई, एकटीनेच मका खाल्लास? मला ठेवला नाहीस?" तोंडभर फोड, थुंकी गिळवत नाही, आणि बाईसाहेबांना मका हवा! सिस्टर अ‍ॅनेके हसली. मीही हसल्यासारखं केलं.

त्या सिस्टरनेच आम्हा मायलेकींचा फोटो काढून थाकानेला पाठवला. दोन तुळतुळीत डोकी. ती गोरी बाई, घरात माती झाल्यावरच आपल्यात बाईचं डोकं भादरतात हे तिला कुठून ठाऊक? माझा फोन बाहेर कपाटात होता, या खोलीत आणू देत नाहीत. मग तुम्ही तरी काय करणार! दुखवट्याची गादी जमिनीवर अंथरलीत, शेजारणी रडायला आल्या. मोलेफीने, पोरीच्या बापाने, खड्डासुद्धा खणला. गोठलेली जमीन पहारीने फोडली आणि कुणाला हात लावू दिला नाही, असं थाकाने म्हणाली. तुमचा मुलगा आहे, हट्टी.

थाकानेला मी नंतर सांगितलं, पोरीला सोबत म्हणून केस काढले. पुलेंगनेही माझ्या डोक्यावरून हात फिरवून विचारलं होतं, "तुझे पण औषधाने गेले?" मी हो म्हटलं.

दोन्ही खोटं आहे, आई.

पेशी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनाची तयारी ठेवा." मी न्हाणीघरात गेले आणि ब्लेडने डोकं भादरलं. पोर बाहेर खाटेवर गाणं म्हणत होती आणि मी आत तिचा दुखवटा धरला. म्हटलं, एकदाचं उरकून टाकू, मग नंतर दुखणार नाही. आणि खरंच तेव्हापासून काही दुखत नाही. जेवते, झोपते, तिचे ओठ पुसते. तुम्ही फोनवर रडलात तेव्हा मनात आलं, या कुणासाठी रडताहेत?

काल तिच्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसल्या. अगदी थोड्या. "रुजताहेत, पण इतक्यात हुरळून जाऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिस्टर तर नाचलीच. मी नुसती उभी. पुलेंग एका डोळ्याने बघते, पण सगळं बघते. म्हणाली, "आई, तुला आवडलं नाही का?"

मला आता ती मरेल याची भीती वाटत नाही. ती घरी येईल आणि मी तिला आधीच पुरून बसलेली असेन, याची वाटते.

म्हणून मोलेफीला सांगा, तो खड्डा आजच्या आज बुजव. एकट्याने नको, सगळ्यांना हात लावू दे. शेजारणींना परत बोलवा, ज्वारीची दारू गाळा आणि चारचौघांत पोरीचं नाव घ्या, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं. मला इथे ते जमत नाही. माझ्या वाटचं रडलात, आता माझ्या वाटचा आनंदही मी येईपर्यंत तुम्हीच करा.

खाली माहेरचं नाव लिहिणार होते. पोर व्हायच्या आधीच तुम्ही लग्नात ठेवलंत तेच लिहिते.

तुमची सून,
मापुलेंग,
म्हणजे पुलेंगची आई