बोनटच्या उजव्या कडेबद्दल

मी खाली सही करणार सूर्यभान रामराव खासबागे, वय एकसष्ट, धंदा मोटारगाड्यांच्या रंगाची निगा आणि पॉलिश, राहणार वलगाव, तालुका व जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उन्हाळ्यात माझ्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या, तेव्हापासून पायऱ्या चढताना दम लागतो. डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. मजकूर मी सांगितला, रागिणीताई वकिलांनी टाईप केला. त्या दोनदा म्हणाल्या, "काका, एवढं सगळं यात लिहायची गरज नसते." मला गरज आहे.

१. वलगावचे राहते घर आणि त्यामागचे झेंडूचे अर्धा एकर वावर माझी पत्नी माणिकबाई हिच्या नावे व्हावे. दोन्ही माझ्या कमाईची आहेत, त्यावर इतर कोणाचा हक्क नाही. बँकेत जे निघेल ते माणिकबाई आणि मुलगी प्रतीक्षा यांनी सारखे वाटून घ्यावे.

२. माझे साडू उत्तमराव यांना दोन बादल्या आणि चार मऊ कापडे द्यावीत. एक बादली साबणाची, एक कापड खंगाळायची. ते रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसतात. काळ्या मातीची धूळ म्हणजे कानस आहे, हे मी त्यांना पंधरा वर्षे सांगतो आहे. जिवंतपणी ऐकले नाही, आता तरी ऐकावे.

३. वलगाव रोडवरचा गाळा सर्व सामानासह प्रतीक्षाला मिळावा. आठ वर्षे ती माझ्यासोबत काम करते आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. तरी लिहून ठेवतो. काळी गाडी काहीच झाकत नाही, हे विसरायचे नाही. गाडी सावलीतच धुवायची. आपल्या बोअरचे पाणी खारे आहे, उन्हात थेंब वाळला की पांढरा डाग बसतो. हातातून पडलेले कापड पुन्हा गाडीला लावायचे नाही. पाखराची घाण दिसली की भिजवून उचलायची, घासायची नाही. आणि मशीन फिरवण्याआधी प्रत्येक कडेला टेप लावायची. रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो कडेवर सर्वांत पातळ असतो. हे मला माझा मामेभाऊ कुंदन भगवंतराव निमकर याने सांगितले होते. मी ऐकले नाही.

४. डिसेंबर २०१४ मध्ये पियुष सेठ यांची काळी स्पोर्ट्स कार आमच्याकडे आली. दोन दारांची, जमिनीला टेकलेली. अमरावतीत तेव्हा तशी एकच होती. दुपारी चारला ती वरातीपुढे जायची होती. कुंदन आणि मी तेव्हा सोबत धंदा करत होतो. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण काळ्या रंगावरची बारीक ओरखड्यांची जाळी काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो पाणी आणायला निघताना म्हणाला, "दादा, बोनटच्या कडेले टेप लाव बरं. तिथं कोट पातळ रायते."

मी म्हणालो, "तू मले शिकवून राहिला का?"

टेप लावली नाही. घाई होती, शिवाय ताठा. उजव्या कडेवर मशीन क्षणभर जास्त थांबले. जळका वास आला. मशीन उचलले तेव्हा रुपयाएवढा भाग राखाडी झाला होता. थर गेला, रंग गेला, खालचे अस्तर दिसत होते.

कुंदन बादली घेऊन परत आला आणि त्याच्या मागोमाग पियुष सेठ. ते बोनटकडे बघत राहिले. "कोणं केलं हे?"

मी म्हणालो, "मी जेवाले गेलतो, सेठ."

एवढेच बोललो. कुंदनचे नाव घेतले नाही, असे अनेक वर्षे मनाला सांगत आलो. पण तेव्हाच्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघेच होतो. कुंदनने माझ्याकडे पाहिले. सेठने त्याच्या तोंडात मारली. एक मारली, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. कुंदनने तो मसुदा वाचून सांगितले की दोन मारल्या. त्याचेच बरोबर असेल, कारण मी खाली मान घालून मशीनचा पॅड पुसत होतो.

आठ दिवसांत ही गोष्ट शहरातल्या सगळ्या गॅरेजांत पोचली. कुंदनच्या हाती कोणी गाडी देईना. तो अकोल्याला गेला आणि जुन्या शहरात भाजी विकू लागला. अजूनही विकतो. नवे बोनट मी भरून दिले, म्हणून माझे नाव झाले: भावाची चूक अंगावर घेणारा माणूस. पियुष सेठने आणखी गिऱ्हाईक पाठवले. हा गाळा त्यातून उभा राहिला.

५. माझी मामी दुर्गाबाई, कुंदनची आई. माझी आई गेल्यावर तिने मला सात वर्षे जेवू घातले. ती मला म्हणायची, "तू होता म्हणून बरं झालं रे बाप्पा, नाईतर त्या सेठनं माह्या पोराले जेलात टाकलं असतं." मी तिच्या हातची भाकर खात ते ऐकत असे. ती २०१९ मध्ये गेली. आपल्या मुलाने गाडी खराब केली, असेच समजून गेली. तिच्यासाठी मला काही ठेवता येत नाही, म्हणून या कलमात काहीही दिलेले नाही.

माणिकबाईला मी हे सर्व गेल्या महिन्यात सांगितले. ती म्हणाली, "कुंदनभाऊजी काहून गेले, असं मी तुमाले किती डाव विचारलं!" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अकोल्याले जा."

६. ते जळलेले बोनट माझ्या गाळ्यात मागच्या भिंतीला उभे आहे. प्रतीक्षाने ते दर्शनी भागात लावावे आणि खाली लिहावे, "हा कोट सूर्यभान खासबागे यांनी जाळला." गाळा तिला या अटीवर दिला आहे. गिऱ्हाईक कमी झाले तरी चालेल.

७. अर्धा गाळा कुंदनला द्यावा, असे मी पहिल्या मसुद्यात लिहिले होते. तो मसुदा घेऊन मी अकोल्याला गेलो. तो मेथीच्या जुड्या बांधत होता. मला बसायला पोते दिले. मी माफी मागितली, नीट मागताही आली नाही. विचारले, "तू तवा बोलला काहून नाही?"

तो म्हणाला, "मले वाटलं, तू संध्याकाळी सांगशीन. मंग वाटलं, सकाळी सांगशीन. आईच्या तेरवीले सारे जमले होते, तवा तं मले पक्कं वाटलं."

मग त्याने मसुदा हातात घेतला आणि मोठ्याने, सावकाश, शेवटपर्यंत वाचला. गिऱ्हाईक थांबले होते, त्यांनीही ऐकले. अर्ध्या गाळ्याचे कलम आल्यावर म्हणाला, "हे काट. मले गाळा नोको." मी पुष्कळ समजावले. त्याच्या मुलांचे नाव घेतले. तो ऐकेना. त्याने विचारले, "याच्यावर साक्षीदार लागते ना?"

मी म्हणालो, दोन लागतात. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करू नये, असे वकीलताई सांगतात.

"मंग झालं तं. मले काई देऊ नोको. मी साक्षीदार होतो."

म्हणून कुंदनला या मृत्युपत्रात मी काहीही देत नाही. तो आज सकाळच्या गाडीने अमरावतीला आला. चहा घेतला नाही. त्याने मला माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये. मीही काढत नाही.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. वरील सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करतो.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) सूर्यभान रामराव खासबागे

सूर्यभान खासबागे यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर.

साक्षीदार १: (सही) मनोज वासुदेव तायडे, टायर दुकानदार, वलगाव रोड, अमरावती

साक्षीदार २: (सही) कुंदन भगवंतराव निमकर, भाजीविक्रेता, जुने शहर, अकोला

(साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे. याची आवश्यकता नसल्याचे त्यांना सांगितले होते. — अ‍ॅड. रागिणी)

मी तिथं होतो. लिहिलं ते खरं आहे.