ताडकाकूचं स्टूल

ता. ४ डिसेंबर

ती. आईस,

बाळीचा शि. सा. नमस्कार वि. वि. आम्ही सगळे ठीक. तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करते, कारण आधी मनातलं बाहेर काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. फोन करणार होते, पण फोनवर तू मध्येच जेवलीस का म्हणून विचारतेस आणि माझा सगळा राग फुकट जातो.

तुझ्या नातीच्या तिसरीच्या वर्गाला घरातली एखादी जुनी वस्तू आणून तिची गोष्ट सांगायची होती. शाळेच्या वर्धापनदिनाला त्या वस्तूंचं प्रदर्शन आहे, शहराचा इतिहास म्हणून. गोटीने तुझं बिस्किटांच्या कारखान्यातलं स्टूल नेलं, एका पायाला रबराचा तुकडा ठोकलेलं. तुम्ही बायका दिवसभर उभं राहून पुडे भरायच्या, बसायला मागितलं तर मॅनेजर म्हणायचा की बसलं की झोप येते. मग एका सकाळी तू घरून स्टूल उचललंस आणि तुझ्यामागून सगळ्या जणी आपापलं स्टूल घेऊन फाटकातून आत शिरल्या. ही गोष्ट तिने वर्गात अगदी हातवारे करून सांगितली. पोरं खूश झाली म्हणे.

काल मी हॉलमधली मांडणी बघायला गेले, तर स्टुलासमोर छापील कार्ड: कारखान्याच्या मालकांनी कामगार भगिनींना आपुलकीने दिलेले आसन. आई, माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपुलकीने! शाळेचा हॉल मालकांच्या घरच्यांनी बांधून दिला, म्हणून तुमच्या सुजलेल्या पायांचं श्रेयही त्यांनाच द्यायचं का?

तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी गोड हसून सांगितलं की लहान मुलांच्या कानावर भांडणं घालू नयेत, इतिहासातलं चांगलं तेवढंच द्यावं. मग गोटीच्या वर्गाच्या बाईंना गाठलं. त्या मान खाली घालून उभ्या, या पायावरून त्या पायावर भार टाकत. बसून बोलू म्हटलं तर वर्गात बाईंची खुर्चीच नाही. बसून शिकवलं की सुस्ती येते, म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या काढून घेतल्यात. सगळा कारभारच तसला.

पण खरा त्रास पुढेच आहे. जेवताना गोटीने विचारलं की खोटं कोण बोलतं, आजी की शाळा. मी म्हटलं शाळा. तर ती म्हणाली की शाळेचं छापलेलं आहे, आजीचं नुसतं बोललेलं. तू ये आणि त्या मोठ्या बाईंना चांगलं फैलावर घे. गुडघ्याला शेक देतेस ना? मी रागात असले तरी तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाळी

ता. ९ डिसेंबर

चि. बाळीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला. कार्डाचा संताप आलाच, पण त्याहून जास्त तुझा आला, तो आधी ऐकून घे.

ते स्टूल माझं नाही, ताडकाकूचं आहे. ती माझ्या शेजारी पुडे भरायची. अंगाने उंच, म्हणून सगळ्या तिला ताडकाकू म्हणायचो. कामाचं टेबल तिला ठेंगणं पडायचं आणि वाकून वाकून तिची कंबर धरायची. स्टुलं न्यायची कल्पना तिची. फाटकातून पहिली शिरली ती, पहिली बसलीही तीच. मी मागच्या घोळक्यात होते. आमची स्टुलं राहिली, पण मॅनेजरने तिला कामावरून काढलं. जाताना तिने आपलं स्टूल माझ्या हातात दिलं, कारण माझं डुगडुगायचं.

हे मी तुला लहानपणी शंभर वेळा सांगितलंय. आणि तू गोटीला सांगताना ताडकाकूला गाळून मला पुढे उभं केलंस! मी तुझी आई म्हणून? मग मोठ्या बाईंनी तुझ्यापेक्षा वेगळं काय केलं? त्यांनी मालकाला पुढे केलं, तू मला केलंस. ताडकाकूला एकदा कामावरून काढलं, आता तिच्या स्वतःच्या गोष्टीतूनही काढलं. मला खरंच वाईट वाटलं.

मी काही यायची नाही. मी तिथे येऊन ओरडले तर गोटी एवढंच शिकेल की जिचा आवाज चढा तिचं खरं. तिला म्हणावं, शाळेचं ऐकू नकोस आणि आजीचंही नको, स्टुलं बघ. मालकाने दिली असती तर सगळी एका मापाची, एका रंगाची असती. तिला आमच्या जुन्या मैत्रिणींकडे घेऊन जा. डेअरीमागे ठेंगू राहते, तिचं निळं स्टूल अजून कुंड्यांखाली आहे. शिंपीणबाईंच्या मुलाकडे गोल फिरणारं असेल. गोटीने स्वतः मागावीत, एका रांगेत मांडावीत आणि काय दिसतं ते बघावं. तिला देवाने डोळे दिलेत, तुझ्यासारखं नुसतं तोंड नाही.

गुडघा आहे तसाच आहे. रागावले म्हणून फुगून बसू नकोस. हक्काचं माणूस तेवढं तूच आहेस, आणखी कुणावर रागावू?

तुझी,
आई

ता. २० डिसेंबर

ती. आजीस,

गोटीचा सा. न. वि. वि. हे पत्र आईने तपासलेलं नाही, म्हणून चुका सगळ्या माझ्या.

तुझं पत्र आल्यावर आई आधी फुगली. मग तिने मला ताडकाकूची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि मी ती वर्गात सांगितली. मुलांनी विचारलं की गोष्ट बदलली कशी. मी म्हटलं, आधी आईने चुकीची सांगितली होती. आईला हे फारसं आवडलं नाही.

मग आम्ही स्टुलं गोळा केली. निळ्यावर कुंड्यांचे गोल डाग आहेत. शिंपीणबाईंचं फिरताना किंचाळतं. ठेंगूआजीने तर बजावलं की मला काकू म्हण, आजी म्हणू नकोस. हॉलमध्ये मी सगळी रांगेत मांडली आणि मुलांना विचारलं की ही एकाच माणसाने दिली असतील का. सगळे ओरडले, नाही!

ते ऐकून मोठ्या बाई आल्या. म्हणाल्या की शाळा म्हणजे भंगाराचं दुकान नव्हे, सगळं उचला. मी फक्त तेच खोटं कार्ड उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. मग स्टुलं आमच्या वर्गात ठेवावी लागली. मला रडू आलं, पण ते रागाचं होतं.

आमच्या बाई स्टुलांकडे बघत उभ्या होत्या. मी विचारलं की तुम्ही का बसत नाही. त्या म्हणाल्या, बसलं की सुस्ती येते असा नियम आहे. मी सांगितलं की मॅनेजरही असंच म्हणायचा. त्यावर बाई खूप वेळ फळा पुसत राहिल्या, फळा कोराच होता तरी.

आज त्यांनी ताडकाकूचं स्टूल फळ्यापाशी ओढलं आणि बसल्या. बसूनच वजाबाकी शिकवली. मोठ्या बाई दारात आल्या. तरी बाई उठल्या नाहीत. मोठ्या बाईंनी त्यांना उद्या ऑफिसात बोलावलंय. सुट्टीत दुसरीच्या बाई निळं स्टूल मागून घेऊन गेल्या आणि चौथीच्या सरांनी किंचाळणारं नेलं.

म्हणून ताडकाकूचं स्टूल इतक्यात घरी येणार नाही. तू रागावू नकोस, आणि रागावलीस तरी माझे लाड चालू ठेव.

तुझी,
गोटी

ता. क. पहिलं स्टूल माझ्या मुलीने मांडलं, असं आई आत्तापासूनच सगळ्यांना सांगत सुटली आहे. तिला तू पत्र लिही. मी नुसतं मांडलं होतं. बसल्या बाई, आणि त्यांना उद्या काढूनही टाकतील. त्यांना गाळायचं नाही.