पांढऱ्या लुगड्याच्या वाती

औरंगाबाद,
२२ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. सारजाआत्यास द्वारकेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी वसतिगृहात सुखरूप पोचले. तुझ्या चकल्या मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी संपवल्या. पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल काकासाहेब गुलमंडीवर आले होते. मला बोलावून कापडाच्या दुकानात नेलं आणि पांढरं लुगडं दाखवायला सांगितलं. कोणासाठी, असं विचारलं, तर म्हणाले, सारजासाठी. भाऊ असून इतकी वर्षं तोंडातून निघत नव्हतं, पण दिवाळीत तूच सगळ्यांसमोर सिद्ध केलंस, असं मलाच ऐकवलं. वर, पोत बघून सांग म्हणाले. आत्या, ते कापड बोटांत धरून मी नुसती उभी राहिले. कॉलेजात वादविवादाचा चषक मिळवलेली मी!

दिवाळीतल्या त्या दुपारी ओसरीवर कापूस निवडता निवडता तू टेकडीवरच्या पिराला तेल न्यायला उठलीस आणि मी तुला अडवलं, म्हणाले: रझाकारांच्या धामधुमीत तुझे मालक, फकिरामामा, घाट उतरून चाळीसगावाकडे गेले ते आले नाहीत. पीर ऐकत असता तर आले असते. माणूस जिवंत असता तर चिठ्ठी आली असती. चिठ्ठी नाही म्हणजे काय ते समजा. बाया गप्प झाल्या तेव्हा मला वाटलं, मी जिंकले. तेव्हापासून तू गुरुवारी टेकडीवर जात नाहीस, असं काकासाहेब सांगत होते.

मी चुकले. म्हणून आता नीट विचार करून दुसरी बाजू मांडते. चिठ्ठी न येणं हा काही मरणाचा पुरावा होत नाही. पीर ऐकत नाही, हेही कोणी सिद्ध केलेलं नाही. शिवाय श्रद्धेनं मनाला बळ मिळतं, हे विद्वानसुद्धा मानतात. आणखीही मुद्दे काढून ठेवलेत. सुट्टी मिळाली की येऊन काकासाहेबांना हरवीन. तोवर ते लुगडं नेसू नकोस.

रागावली असशील, तर तसं तरी कळव.

तुला तोंड दाखवायला लाजणारी,
द्वारका

कन्नड,
२८ नोव्हेंबर १९५३

चि. द्वारकीस सारजाआत्याचे अनेक आशीर्वाद. (लिहिणार शेजारची नजमुन्निसा. आत्याबाई सांगतात तसंच लिहिते.)

पत्र पोचलं. माझ्या नावामागं सौ. लिहिलंस, ते नजमाकडून पुन्हा वाचून घेतलं.

तू लई शिकलीस, पण येडीची येडीच राहिलीस. आधी वादानं काढून घेतलंस, आता वादानंच परत द्यायला निघालीस व्हय? काकासाहेबाला तू हरवशील. मग तुझ्याहून जास्त शिकलेला कोणी येईल, तो तुला हरवील. तितक्या बारी मी कुंकू पुसायचं अन् लावायचं का?

तुझं पटलं म्हणून मी थांबले नाय. पुढल्या गुरुवारी निघाले होते. वाटभर तुला काय उत्तर द्यावं तेच जुळवत गेले. ओढ्यापाशी ध्यानात आलं, तेलाची वाटी हातात हाय, अन् मालकाची याद एकदाबी आली नाय. तशी मी कधी गेले नव्हते. म्हणून माघारी फिरले. पीर खरा का खोटा, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. जात होते, एवढंच.

लुगडं पेटीवर पडलंय. येशील तर गुरुवारी ये. मुद्दे तिथंच ठेव. अन् चप्पल घालून ये, वाटेत सराटे हायत. अनवाणी माझी मी चालते.

(ता. क. हे माझं. आत्याबाईंना वाचून दाखवलेलं नाही. त्या दिवशी ओसरीवर मीसुद्धा कापूस निवडत होते. पोलीस ॲक्शननंतर आमचा कय्युमभाई हैदराबादेला जातो म्हणून गेला. त्याचीही चिठ्ठी नाही. आत्याबाईंच्या वाटीत अम्मी दर गुरुवारी आमचं थोडं तेल घालते. चिठ्ठी नाही म्हणजे काय ते समजा, हे तुझ्या तोंडून एकदा ऐकलं होतं. परवा तुझ्या पत्रातून ते मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. नजमा.)

औरंगाबाद,
१३ डिसेंबर १९५३

प्रिय नजमास द्वारकेचा सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र आधी तुझं. मग वाटलं तर आत्याला वाचून दाखव.

गुरुवारी मी कन्नडला आले आणि तू दारात तेल आणून दिलंस, तेव्हाच माफी मागायची होती. मनात वाक्यं जुळवायला लागले, तर ती भाषणासारखी व्हायला लागली. म्हणून खाली मान घालून वाटी घेतली. तू काय समजलीस, कोण जाणे.

टेकडीवर जायला निघताना काकासाहेब ओसरीवरच होते. आत्यानं ते लुगडं पेटीवरून उचललं, काठ दातात धरून टरकन चिंधी फाडली आणि मांडीवर वळायला बसली. हे काय, असं त्यांनी विचारलं. दिव्याला वात लागते, एवढंच ती म्हणाली. मी तोंड उघडणार होते, पण तिनं नुसतं बघितलं. मग काकासाहेब उठले आणि परतताना अंधार होईल म्हणून कंदील आणून दिला.

टेकडीवर आत्यानं दोन वाती घातल्या. दुसरी मला लावायला सांगितली.

नजमा, मला अजूनही काही पटलेलं नाही. पीर ऐकतो असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल, आणि तुझ्याशी खोटं बोलायची आता हिंमत नाही. पण वारा आला, तेव्हा मी हात आडवा धरला. कय्युमभाईचं नाव तोंडात आलं होतं.

येताना ओढ्यापाशी आत्या म्हणाली, लुगडं चांगलं मोठं आहे, वाती पुष्कळ दिवस पुरतील.

लोभ कमी केला असशील, तर तो माझ्याच करणीनं. उरला असेल तेवढा राहू दे.

तुझी,
द्वारका