कोयरीखालचा ढिला पीळ

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला मला भीती वाटत नाही. येत असतं तर पहिल्याच ओळीला तुम्ही म्हणाला असता, "एवढं लांबन लावायले तुले फुरसत कुठून सापडली वं?" फुरसत आहे आई, भरपूर आहे. दिवाळी तोंडावर आली आहे, जेवणाच्या टेबलावर नक्षीचा कागद पसरला आहे, कात्रीला धार लावून आणली आहे, आणि पहिला काप घ्यायच्या आधी दरवर्षी होतं तेच झालं आहे. तुमची आठवण आली आणि हात थांबला. टेबलावर काम करते म्हणून नाक मुरडू नका. गुडघे आता खाली बसू देत नाहीत.

आपल्या दोघींची नंदनवन वस्तीतली ती पहिली दिवाळी मला अजून खोल्यांच्या वासासकट आठवते. नवा चुना, रॉकेल आणि तुमच्या पिशवीतली सुपारी. मी नवी नवरी, तुमच्याशी जपून बोलणारी. हे कोराडीच्या वीज केंद्रात लागलेले, पहाटेच्या बसने जायचे आणि संध्याकाळी शर्टाच्या शिवणीत राख घेऊन यायचे. त्याआधी तुमचं सगळं आयुष्य कोष्ट्यांच्या गल्लीत, मागाच्या खड्ड्याशेजारी गेलेलं. माझ्या लग्नाच्या दोन-तीन वर्षं आधी मामंजी गेले, नंदनवनच्या दोन खोल्यांत माग मावणार नव्हता, म्हणून ह्यांनी तो सुटा करून विकून टाकला. मोठे भाऊजी तेव्हा उमरेडला सासुरवाडीच्या मागावर विणत होते. त्यांना कुणी विचारलंच नाही. नंतर ते एकदा आले म्हणे, रिकाम्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले, "मले इचारलं बी नाई" एवढंच बोलले आणि पाणी न पिता गेले. तेव्हापासून आले नव्हते. घरात त्यांचा विषय निघत नसे. पण दिवाळीला त्यांच्या वाटणीचे अनारसे तुम्ही वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि तुळशीचं लग्न उरकलं की निमूटपणे ह्यांच्या पानात वाढायच्या. हे मला ह्यांनीच सांगितलं, तेही मान खाली घालून. घरात नवीन असूनही मला एवढं कळत होतं, की तुम्हाला दुसरं काही नको होतं. त्या डब्याचे धनी स्वतः येऊन तो उघडतील, एवढंच हवं होतं.

मी मात्र माझ्याच तोऱ्यात होते. माहेरी दर दिवाळीला आम्ही बहिणी एका नक्षीच्या कागदातून सगळ्या गणगोताची ग्रीटिंग्ज करायचो, आणि ही विद्या सासरी दाखवायची मला घाई झाली होती. ह्यांना सीताबर्डीवरून एक कागद आणायला लावला, खाली तांबडा रंग आणि वर सोनेरी वेली, कोयऱ्या. सोबत ड्रॉइंगचा जाड पांढरा कागद. तुम्ही तो उलगडून पाहिला आणि विचारलं, "एवढे मोठे गोतावळे अन् एकच कागद? कोनाले पुरते हा?" मी म्हटलं, पुरतो, बघाच तुम्ही. मी पट्टी आणि पेन्सिल शोधायला आत गेले, बाहेर येते तो तुम्ही कागदाची कड दातात धरलेली! लुगडं फाडतात तसा दाताने चिरा देऊन टर्रकन फाडायच्या बेतात होता. मी ओरडले. सासूवर ओरडणारी मी गल्लीतली पहिलीच सून असेन. तुम्ही कागद तोंडातून काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून जे हसायला लागलात, ते शेजारीण डोकावेपर्यंत. मला वाटतं, मी ह्या घरातली झाले ती त्या मिनिटाला. सप्तपदी वगैरे त्याआधी झाली होती, पण ते वेगळं.

मग आपण दोघी जुंपलो. अख्ख्या कार्डावर नक्षी चिकटवली तर कागद चार घरांत संपतो, हे मी तुम्हाला सांगितलं. नक्षी थोडी आणि पांढरं जास्त, की कागदही पुरतो आणि डोळ्यालाही बरं दिसतं. कुणाला नुसती एक उभी पट्टी, कुणाला खिडकीसारखा चौकोन, आणि चिंध्या उरतील त्यांची पानं-फुलं. तुम्ही ऐकलंत, मग कागदावरून हात फिरवून त्याचा सरळ हिशेब मांडलात. "हे पाह्य, हे काठ. हा पदर. अन् हे अंगातले बुट्टे. जवाई हाय त्याले पदराचा तुकडा दे. मावशीले काठ पुरते, तिनं माह्या लग्नात जेवणाले नाव ठेवलं होतं." मी कापत गेले, तुम्ही वाटत गेलात. खळ तुम्ही शिजवलीत, आणि ती खळ म्हणजे काय होती! आयुष्यभर सुताला खळ दिलेल्या हाताची, ना गाठ ना पाणचट. माझ्या माहेरची ग्रीटिंग्ज पावसाळ्यापर्यंत उकलून यायची. तुमच्या खळीची कार्डं अजून काही घरांत शाबूत आहेत, मी स्वतः पाहिली आहेत.

संध्याकाळपर्यंत खाटेवर, फळीवर, पिंपाच्या झाकणावर, जिकडे तिकडे ग्रीटिंग्ज वाळत पडली होती आणि मधली मोठी कोयरी तेवढी कापायची राहिली होती. ती कुणाला द्यायची हे तुम्ही बोलत नव्हता आणि मी विचारत नव्हते. मग तुम्ही उठलात आणि कपड्यांच्या पेटीतून कापडात गुंडाळलेला एक झुबका काढून आणलात. लालसर सुताची टोकं होती, वीतभर लांब. आपल्या मागावरच्या शेवटच्या ताण्याची, म्हणजे उभ्या सुतांची. तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा समजावून सांगितलंत, की लुगडं विणून झालं तरी ताण्याची टोकं मागावर राखायची, नव्या ताण्याचं एकेक सूत त्या जुन्या टोकाला पीळ देऊन सांधायचं, माग कधी पुरता उघडा करायचा नाही. माग विकताना बाकी कशालाच तुम्ही आडव्या आला नव्हता, पण ही टोकं तेवढी कापून घेतली होती. "त्या कोयरीखाली हे जुनं सूत लाव," तुम्ही म्हणालात, "अन् त्याले नवं सूत सांध. लिहू नको काही. त्याले समजते."

मी म्हटलं, सांधा तुम्हीच. तुमचा पीळ म्हणजे गल्लीत नावाजलेला, माणसं ताणा सांधायला तुम्हाला बोलावून न्यायची हे मी ऐकून होते. तुम्ही डोळे चोळलेत. "मले नाई दिसत आता. तूच कर." चुलीतली राख बोटांना लावायची, म्हणजे सूत सरकत नाही, दोन्ही टोकं धरायची आणि असा झटका द्यायचा. तुम्ही हवेतच दाखवलंत. दारात बूट काढता काढता हे म्हणाले, "राख पायजे त सांगा ना, कोराडीहून ट्रकभर आनतो." आपण दोघींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते चहा न मागता अंघोळीला गेले. मी पीळ देत बसले. एक धड बसेना. वाकडे, फुगीर, ओढलं की सुटणारे. माझ्या तेवढ्या देखण्या कोयरीखाली ती लोंबती सुतं बघून मला रडू येत होतं. उद्या पुन्हा करते म्हटलं तर तुम्ही कार्ड माझ्या हातातून काढून पाकिटात घातलंत. "राहू दे. बेस झालं."

मग वाट बघणं सुरू झालं. तुम्ही दाखवत नव्हता, पण दिवसातून तीनदा अंगण झाडत होता. धनतेरस गेली. नरक चतुर्दशी गेली. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी रांगोळी काढत होते आणि फाटकाशी कुणीतरी धोतर नेसलेलं, हातात पिशवी घेऊन उभं. मी पदर डोक्यावर ओढला. तुम्ही दाराशी आलात. राम राम नाही, पाया पडणं नाही, त्यांनी खिशातून ग्रीटिंग काढलं आणि तुमच्यासमोर धरलं.

"हे पीळ कोनं देल्ले?"

"मीच देल्ले. काहून?"

"खोटं नको बोलू, माय. तुह्या हातचा पीळ मी अंधारात बी ओळखतो. हे तं ओढलं का सुटते."

"मंग बसून नीट कर ना गा. उभ्या उभ्या काय सांगून राहिला?"

आणि ते बसले, आई! ओसरीच्या पायरीवर, पिशवी बाजूला ठेवून. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून ते भिंतीकडे बघून म्हणाले, "राख." त्यांचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी वाटीत राख आणून ठेवली. एकेक सूत त्यांनी सोडवलं आणि पुन्हा सांधलं, आणि शेवटचं झाल्यावर मान वर न करता विचारलं, "बाकीचे टोकं कुठं हाय? मले वाटलं समदंच गेलं." तुम्ही झुबका त्यांच्या मांडीवर ठेवलात. "माग गेला. टोकं कशी जातीन?" त्यांनी झुबक्यातली टोकं बोटांनी विंचरून सरळ केली. मग म्हणाले, "दे मले. माह्या मागावर सांधतो." तेवढ्यात हे पाळीवरून परतले आणि फाटकातच थिजले. भाऊजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाय धू पयले. राखेनं भरून आला हाय." अनारशाचा डबा त्या वर्षी लक्ष्मीपूजनालाच रिकामा झाला. तुम्ही स्वतः एकही खाल्ला नाहीत, आणि तुमच्याइतकं तृप्त माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पुढच्या दिवाळीला तुम्ही मला पीळ शिकवलात, आणि मी तो असा उचलला की तुम्ही माझ्या डोक्यावरून बोटं मोडलीत. तुम्ही होता तोवर भाऊजींना कोयरीचं ग्रीटिंग पुन्हा धाडावं लागलं नाही, ते दर दिवाळीला आपणहून यायचे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली, तुम्ही गेल्यानंतर, एकदा तुरीची डाळ निवडताना. ज्या दिवशी तुम्हाला सूत दिसत नव्हतं, त्याच दिवशी सकाळी तुम्ही अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसून डाळीतले मोहरीएवढे खडे वेचले होते. मी ताट हातात धरून एकटीच हसत बसले. तुमचा पीळ असता तर भाऊजींनी कार्ड बघितलं असतं, डोळे पुसले असते आणि फळीवर ठेवून दिलं असतं. ढिला पीळ बघून विणकर घरी बसेल होय?

आता भाऊजींचा माग थांबला. मुलगा दुकान चालवतो, नातवाला तर माग कशाला म्हणतात हेही सांगावं लागतं. पण ग्रीटिंग मिळालं की लक्ष्मीपूजनाला ते उमरेडहून येतात, पायरीवर टेकतात आणि म्हणतात, "इतके वर्स झाले, पन सुनबाईले पीळ काही जमला नाई." हे हसतात, मी पदर सावरते. मग ते राख मागतात. गॅसच्या घरात राख कुठून येते, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. यंदाही कोयरीखालचे पीळ मी ढिलेच देणार आहे, आई, आणि देवघरातल्या उदबत्तीची राख दसऱ्यापासून वाटीत जमवून ठेवली आहे.