गिअरबॉक्ससह माझे सर्व काही

मी, हिलाल झिपरू देसले, वय सदुसष्ट, निवृत्त लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, मूळचा अमळनेर तालुक्यातला, हल्ली मुक्काम उधना, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेलेही नाही. पत्नी मालतीबाई स्वयंपाकघरातून "झालं का लिहून? चहा निवतोय" असे तिसऱ्यांदा म्हणाली, पण त्याला कायद्याने दडपण म्हणता येत नाही, असे वकिलांचे मत पडले.

लिहिण्याचे कारण असे की येत्या मंगळवारी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, वीस मिनिटांचं काम." २०१७ साली माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल "अर्ध्या तासाचं काम" असेच सांगितले होते आणि तो दोन महिन्यांनी घरी आला. तेव्हा लिहून ठेवलेले बरे.

वकिलांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात गाडीसाठी फक्त एक ओळ होती. तो नमुना मी त्यांना परत केला.

कलम १. उधन्याचे दोन खोल्यांचे घर मालतीबाईचे. तिच्या पश्चात मुलगा चेतन याचे. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मे निम्मे. यात समजावून सांगण्यासारखे काही नाही, म्हणून इथेच आटोपतो.

कलम २. गाडी. पांढरी, २००६ सालची, ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नसलेली. तीस वर्षे लूमखाली उकिडवा बसून माझा डावा गुडघा कामातून गेला, तेव्हा २०१४ साली एका डॉक्टरीणबाईंकडून ही जुनी गाडी घेतली. शेजारच्या सरलाबाईंनी वाकून आत पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, क्लचच नाही? अर्धीच गाडी दिली की हो तुम्हाला!" सरलाबाई आज या कागदावर साक्षीदार आहेत, म्हणून जास्त लिहीत नाही.

ही गाडी चेतनला मिळणार नाही. दर दिवाळीला तो मला म्हणतो, "पप्पा, भंगारमां आपी दो ने." बापाशी मराठीत बोलायचे आणि भंगाराची गोष्ट गुजरातीत काढायची, म्हणजे आपल्याला कळणार नाही असे त्याला वाटते. शिवाय गाडी पुढे चाललेली असतानाच तो मागचा गिअर टाकतो. अशा माणसाला मी अजूनही मुलगा मानतो, हा माझा मोठेपणा.

गाडी मालतीबाईची. तिने एकोणसाठाव्या वर्षी चालवायला शिकून लायसन्स काढले. मी शिकवले. पहिल्या दिवशी सांगितले, "हिला दोनच पेडल. डावा पाय घरी ठेवून ये." ती म्हणाली, "मग चप्पल एकच घालू का?" आता ती माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मी मेल्यावरच वाचले जावे.

कलम ३. गाडी पुढील अटींवर दिली आहे.

महिन्यातून एकदा गिअरबॉक्सचे तेल पाहावे. दहा-पंधरा मिनिटे फिरवून आणावी, सपाट जागी उभी करावी, इंजिन चालू ठेवावे, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा फिरवून P वर, म्हणजे पार्किंगवर, यावे आणि मग डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढावी. तेल लाल आणि आरपार दिसणारे हवे. तपकिरी दिसले किंवा जळका वास आला तर त्याच दिवशी गॅरेजवाल्या लखनकडे जावे. डिपस्टिक सुती फडक्याने पुसू नये, तंतू सुटतात आणि आत जाऊन अडकतात. सुळसुळीत साडीचा तुकडा घ्यावा. सुरतेत राहून साडीचा तुकडा मिळाला नाही, ही सबब मी वरूनसुद्धा ऐकून घेणार नाही.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय D वरून R वर, म्हणजे पुढच्या गिअरवरून मागच्यावर, जाऊ नये. (चेतन, पुन्हा वाच.) चढावर उभी करायची तर आधी हँडब्रेक, मग P.

लखन सांगेल, "काका, आ तो लाइफटाइम तेल छे, बदलवानुं नथी." मी त्याला विचारले होते, कोणाच्या लाइफटाइम, माझ्या की गाडीच्या? म्हणाला, "जे पहेला जाय एना." पोरगा गुणी आहे, पण त्याचे ऐकू नये. चाळीस हजार किलोमीटरला तेल बदलावे, आणि गाडीच्या पुस्तकात ज्या तेलाचे नाव आहे तेच घालावे. दुसरे कोणतेही नाही. हे वाक्य मी का अधोरेखित केले ते कलम ५ मध्ये येईल.

लाल पट्टीचे नरसाळे फक्त या तेलासाठी. सूनबाई वर्षा हिने त्यातून एकदा फिनेल ओतले होते, तिला माफ केले आहे. नरसाळे तिच्यापासून लांब ठेवावे.

कलम ४. बंद पडल्यास या गाडीला टोचन लावून ओढू नये. पुढची चाके रस्त्यावर फिरत राहिली की गिअरबॉक्स आतून कोरडा घासतो. उचलून नेणारी गाडी बोलवावी.

हे ज्ञान मला २०१७ च्या दसऱ्याला झाले. सकाळी पूजा करून आम्ही दोघे मालतीबाईच्या भावाकडे, वाल्मिककडे, कामरेजला सोनं द्यायला निघालो. कामरेज चार किलोमीटरवर असताना गाडी नुसती ओरडायला लागली, हलेना. वाल्मिक सणाचे कपडे घालून ट्रॅक्टर घेऊन आला, टोचन लावले आणि त्याच्या दारापर्यंत ओढत नेली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, ऑटोमॅटिक गाडी ओढली? मग गिअरबॉक्स गेलाच समजा. झाले! मी वाल्मिकच्या अंगणात, त्याच्या बायकोपोरांसमोर, शेजाऱ्यांसमोर ओरडलो, "तुझ्या ट्रॅक्टरने माझ्या गाडीचा जीव घेतला!" तो मान खाली घालून उभा राहिला.

तेव्हापासून आठ वर्षे मी कामरेजला गेलो नाही आणि तो उधन्याला आला नाही. मालतीबाई दर भाऊबीजेला पिशवीत ओवाळणीचे ताट घेऊन एकटी बसने जाते आणि दिवेलागणीच्या आत परत येते. दारात गाडी उभी असते. तिने मला कधी काही विचारले नाही. त्यापेक्षा विचारले असते तर बरे झाले असते.

कलम ५. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

दसऱ्याला लूमखात्यात आम्ही सगळ्या मशिनी पुसतो, हार घालतो आणि नवे तेल पाजतो. तीस वर्षांची सवय. त्या सकाळी गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि मला वाटले, ही पण मशीनच, हिलाच उपाशी का ठेवायचे? घरात लूमच्या तेलाचा एक लिटरचा डबा होता. तो मी डिपस्टिकच्या भोकातून पूर्ण आत ओतला. वर नमस्कारही केला.

टोचन लागले तेव्हा गिअरबॉक्स आधीच माझ्या हाताने गेलेला होता. मेकॅनिकने आतले तेल दाखवले तेव्हाच मला कळले. पण तोवर माझे अंगणात ओरडून झाले होते, आणि तीस वर्षांचा फिटर लूमचे तेल गाडीत ओततो हे सांगायची मला लाज वाटली. रिकामा डबा मी डिक्कीत टाकला होता, तोही नंतर सापडला नाही, म्हणून मी निर्धास्त झालो.

वाल्मिक, चूक माझी होती. तुझी नव्हती. माझे चुकले.

या कागदावर दुसरा साक्षीदार म्हणून मी वाल्मिकलाच बोलावले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकील म्हणतात. म्हणून वाल्मिकला काही देत नाही, फक्त हे कलम देतो. वकील असेही म्हणाले की साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते. मी म्हटले, याने वाचायचा. मोठ्याने.

कलम ६. मालतीबाईने गाडीची पहिली लांबची फेरी भाऊबीजेला कामरेजची करावी. मी मंगळवारी मेलो नाही, तरीही हे कलम येत्या भाऊबीजेपासून लागू आहे. वकील म्हणाले, असे करता येत नाही. मी म्हटले, मी लिहिणार.

वर लिहिलेले सर्व मी दोनदा वाचले, एकदा चष्म्याने आणि एकदा चेतनकडून वाचून घेऊन. कलम २ वाचताना तो खोकला.

ठिकाण: उधना, सुरत
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५
(सही) हिलाल झिपरू देसले

साक्षीदार १: सरलाबाई पवार (सही). माझ्यासमोर सही केली. गाडीत मी एकदा बसले होते, बरी आहे.

साक्षीदार २: वाल्मिक बोरसे (सही). मोठ्यानं वाचं. दाजी, माले तवयच माहीत व्हतं. तेलना रिकामा डबा डिक्कीमा मीच देखा आनी मीच विहीरमा फेका, ताईले दिसाले नको म्हणीसन. भाऊबीजले ताईसंगे तुम्हीबी या. येतांना तेल देखी ल्या.