आपलं माप

कळंब,
९ जून २०२४

चि. शिवांजलीस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा सकाळी धरतो, चाललो की सुटतो. तुझा दर रविवारी फोन होतोच, तरी पत्र लिहितोय. फोनवर तू "अण्णा, जेवलात का?" विचारतेस, मी "जेवलो" म्हणतो आणि तिथंच माझं बोलणं आटतं. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं लिहिण्यातच गेली. मला लिहिलेलंच बरं पडतं.

जळकोटची करिश्मा येऊन गेली. तुझ्या आईकडं शिवण शिकायला दोन वर्षं आपल्याकडं राहिली होती, तीच. आता गावात तिनं शिवणवर्ग काढलाय, चौदा मुली येतात. म्हणाली, "काका, काकूंची शिवणाची मासिकं मला द्या. पण यादी करून द्या, न्हायतर मुलींचा एक झबलं शोधण्यातच दिवस जाईल."

म्हणून कपाट उघडलं. १९८१ पासूनचे तीनशे अठ्ठ्याऐंशी अंक निघाले. मी जन्मभर त्यांना रद्दी म्हणत आलो. प्रत्येक अंकाच्या मधोमध एक मोठा घडीचा कागद असतो. त्यावर पुढा, पाठ, बाही, गळा, सगळ्यांच्या रेषा एकमेकींवरून गेलेल्या. आपली रेषा ओळखायची आणि खाली दुसरा कागद ठेवून दात्यांचं चाक फिरवून ती उतरवून घ्यायची. आईनं एकही कागद परत त्याच्या अंकात ठेवलेला नाही. नव्वदचा कागद दोन हजार चारमध्ये आणि दिवाळी अंकाचा भलत्याच महिन्यात. मी एकेक कागदाचा नंबर बघून जुळवतोय. रजिस्टर आखलंय: महिना, वर्ष, कपडा, माप, कागद आहे की नाही, शेरा. कसर लागलेले अंक उन्हात टाकलेत.

फ्रॉकचे सगळे कागद सापडले. एकावर आईच्या अक्षरात आहे, "शिवू. अंग वाढतंय, दोन बोटं जास्त."

ब्लाउजच्या गठ्ठ्यात मात्र काम थांबलंय. एक कागद निघाला. त्याचं पुढं कधीतरी लिहीन.

तू आईच्या वर्षश्राद्धाला आली नाहीस. मावशी विचारत होती, मी रजा नव्हती म्हणून सांगितलं. तू आईवर रागावलेली आहेस हे मला ठाऊक आहे.

हैदराबादला पाऊस लागला का? जपून राहा.

तुझे
अण्णा


कळंब,
२७ जून २०२४

चि. शिवांजली,

फोनवर तू विचारलंस, "कसला कागद, अण्णा?" आणि मी तुला पाण्याच्या टाकीचं सांगत बसलो. त्यानंतर हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

आई स्वतःचे सगळे ब्लाउज एकाच कागदावरून बेतायची. त्याच्या कडेला तिनं मापं लिहून ठेवलीत. गिऱ्हाइकांच्या मापापुढं त्यांची नावं आहेत. स्वतःच्या मापापुढं तिनं फक्त "आपलं" लिहिलंय. मला आधी कळलंच नाही आपलं म्हणजे कुणाचं.

आपलं, संक्रांत २०२२, छाती ३६.
आपलं, नागपंचमी, ३४. उजवीकडं सैल.
आपलं, दसरा, ३१॥. उजव्या काखेत दोन बोटं सैल ठेवणे, टोचतं.

नोव्हेंबरात आपण तिला लातूरला नेलं. डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "तिनं कुणाला सांगितलंच नाही." तू माझ्या शेजारी उभी होतीस. ती तपासणीच्या पलंगावर बसून पदर सारखा करत होती. तिनं ते ऐकलं.

शिवू, तिनं मला सांगितलं होतं. एप्रिलात, अक्षय तृतीयेच्या आधी. मी रजिस्टरं घेऊन बसलो होतो. तेव्हा ग्रंथालयाची पडताळणी चालू होती, एक्केचाळीस पुस्तकं सापडत नव्हती आणि मे अखेरीस मी निवृत्त होणार होतो. ती दारात येऊन म्हणाली, "अहो, इथं गाठ लागतीय." मी मान वर न करता म्हणालो, "बायकांना होतात गाठी. एवढी पडताळणी होऊ दे, मग जाऊ." पुस्तकं सापडली. निरोपसमारंभ झाला. मग श्रावण आला. ऑगस्टमध्ये तिनं पुन्हा विचारलं, "कधी जायचं?" मी म्हणालो, "गणपती होऊ दे."

कामाचं निमित्त होतं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. दुखण्याचं नाव निघालं की ते खरं होईल, असं वाटायचं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. ब्लाउज सैल करत गेली.

लातूरच्या त्या दिवसापासून ती जाईपर्यंत तीन महिने तू तिच्यावर चिडलेली होतीस. "आम्ही मेलो होतो का? मला एक फोन करता आला नाही तुला?" असं तू तिला खाटेजवळ उभी राहून म्हणालीस, एकदा नाही, अनेकदा. मी त्याच खोलीत असायचो. ती माझ्याकडं बघायची आणि मग तुला म्हणायची, "चुकलं गं माझं."

तू गेल्यावर एकदा मी तिला म्हणालो, "मी सांगतो तिला." ती म्हणाली, "नको. मी चाललेच आहे. तिला तुमी तरी राहा."

तिचं ऐकलं म्हणून मी गप्प बसलो, असं आजवर मनाला सांगत आलो. ते खोटं आहे. मला तेच हवं होतं.

कागद पोस्टानं पाठवायला धीर होत नाही. इथंच आहे.

अण्णा


कळंब,
२१ जुलै २०२४

शिवांजली,

तू आलीस तेव्हा मी पाणी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर तू फरशीवर बसून तो कागद उलगडला होतास. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू एवढंच विचारलंस, "सांगितलं कोणत्या महिन्यात?"

"एप्रिल."

तू बोटांवर मोजलंस. मी तुला लहानपणी तसंच मोजायला शिकवलं होतं. मग म्हणालीस, "शेवटी तिनं माझा हात धरला होता, अण्णा. मी सोडवून घेतला. रागात होते." तुला रडू आलं नाही, त्यानं मला जास्त भीती वाटली. तू कागद घडी करून पर्समध्ये ठेवलास आणि दुपारच्या गाडीनं परत गेलीस. मी स्टँडवर येतो म्हणालो, तू नको म्हणालीस. तरी मी मागून आलो होतो. गाडी सुटेपर्यंत रसवंतीच्या आडोशाला उभा होतो.

काल करिश्मा टेम्पो घेऊन आली आणि मासिकं घेऊन गेली. यादी बघून खूश झाली. म्हणाली, "काका, काकूंना बी एवढं येळेवर सापडायचं न्हाय, तुमी लई नीट केलंय." माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मी काय नीट केलं, हे या घरात आता कुणाला सांगायचं राहिलेलं नाही.

कपाट रिकामं झालं. आत डांबरगोळ्यांचा वास आहे तेवढा. मी संध्याकाळभर त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलो. काम होतं तोवर वाटायचं, जुळवून ठेवलं की काहीतरी होईल. सगळं जुळलं, आणि काही झालं नाही.

तुझ्या फोनाविना तीन रविवार गेले. मी वाट बघतोय असं समजू नकोस. बघतोय, पण तो तुझा भार नाही.

माफ कर असं मी लिहिणार नाही. आईला माफ कर असं लिहायला बसलो होतो; मग लक्षात आलं, तिनं केलं काय होतं? तेव्हा एकच लिहितो. तो हात सोडवून घेतलास ते पाप तुझ्या नावावर नाही. माझ्या नावावर आहे. ते तू धरून बसू नकोस. एवढं तरी माझं ऐक.

"तुझे अण्णा" असं लिहिण्याचा हक्क तू ठरवशील. तोपर्यंत,

उत्तरेश्वर