सर्फ किंगमागची प्रेरणा

७ एप्रिल, सकाळ ६
आजपासून लवकर उठणे. ‘सर्फ किंग’, म्हणजे मर्दांच्या केसांसाठी समुद्री लाटांचा स्प्रे, वाशीमच्या उद्योजक स्पर्धेत टाकतो. पहिला नंबर आपलाच. मग ज्योत्स्ना किन्हीराजाहून, माहेराहून, आपोआप परत येते. नवऱ्यानं कृषी केंद्राची नोकरी सोडली म्हणून बायको दोन महिने रुसून बसते का कुठं? फॉर्म भरला. फक्त प्रश्न चार राह्यला: उत्पादनामागची क्रिएटिव्ह प्रेरणा, शंभर शब्दांत. दहा मिनिटांचं काम.

७ एप्रिल, दुपार ४
झालं नाही. मी समुद्र पाह्यला नाही, एवढीच अडचण आहे.

८ एप्रिल
प्रेरणेसाठी रिसोडबाहेरच्या तलावावर गेलो. पाणी तळाशी. दीड तास एक लाट नाही. मग एक म्हैस उतरली, तेव्हा आली. लिहून घेतलं: ‘ती आली आन माझं आयुष्य बदललं.’ म्हशीचा उल्लेख टाळणे.

१० एप्रिल
फॉर्म्युला फायनल. मीठ, समुद्राच्या रंगासाठी नीळ, केस ताठ राहावे म्हणून साबुदाण्याची पेज. परवेजच्या सलूनमध्ये माझ्याच डोक्यावर ट्रायल. वाळल्यावर कंगवा आत गेला, बाहेर आला नाही. परवेज म्हणे, सर्फ म्हंजे कपडे धुवाचा ना भाऊ? त्याले समजावलं, परदेशात पोट्टे समुद्रात फळीवर उभे राह्यतात, ते सर्फिंग. तो म्हणे, काहून? मार्केट अशिक्षित आहे. शेवटी त्यानं कंगवा केसांसकट कापून काढला. वाढतात.

१२ एप्रिल
ज्योत्स्नाचा फोन! स्वतःहून. माझा साळा हरीओम, त्याचं लग्न सोळाले. म्हणे, या, पण त्या स्प्रेच्या बाटल्या आणू नका, पाया पडते. आवाज रडका होता. म्हणजे तिले आठवण येऊन राह्यली. मलेही येते. घर खायले उठते. दोन्ही टाइम खिचडी.
चोवीस बाटल्या नेतो. वऱ्हाडातले सगळे बाप्ये हिरो दिसले की तीच म्हणन, चला घरी.

१६ एप्रिल, किन्हीराजा, सकाळ
काल पोचलो. खोकं न्हाणीपाशी ठेवलं, आज मांडवात वाटू म्हणून. उठलो तर रिकामं. सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, लेबलावर ‘सर्फ’ वाचलं, आत निळं पाणी पाह्यलं, आन चोवीसच्या चोवीस बाटल्या बादलीत ओतून सासऱ्याचं धोतर, सगळ्यांचे पांढरे सदरे, टोप्या त्यात बुचकळून काढल्या. लग्न संध्याकाळचं. ज्योत्स्नानं पदरानं डोळे पुसले आन ओले सदरे दोरीवर टाकाले लागली.

१७ एप्रिल
काल लग्नापर्यंत कपडे वाळले. पांढरेशुभ्र, आन टोप्या डोक्यावरून काढल्या तरी तशाच उभ्या. नवरीकडच्या बायांनी खोदून खोदून विचारलं. सासूबाई चारचौघांत म्हणे, जावयानं पहिल्यांदा कामाचं काही केलं. ज्योत्स्ना माझ्यापाशी येऊन बसली. हसली. बनवता कसं, इचारलं. मी सगळं सांगितलं, प्रमाणासकट. हे केसांसाठी आहे हे सांगणार होतो, पण ती दोन महिन्यांनी एवढी जवळ बसली होती, राह्यलं. ती येते. नक्की.

२० एप्रिल
आली नाही. घर झाडून ठेवलं. फोन बिझी.

२२ एप्रिल
बिझी. तिच्या आवडीची शेवभाजी केली. मीच खाल्ली.

२८ एप्रिल
फॉर्मची शेवटची तारीख. सकाळपासून बसलो. ‘लाट म्हणजे’ एवढं लिहिलं. लाट म्हणजे काय?

५ मे, वाशीम
निकाल पाहाले गेलो. मी फॉर्म दिलाच नव्हता, तरी एक आशा होती. पहिला नंबर: किन्हीराजाचा महिला बचत गट, धोतर-टोप्यांसाठी तयार खळ आन नीळ, एकाच बाटलीत. अध्यक्ष ज्योत्स्ना.
ती तिथंच होती, नवीन साडीत. इचारलं, घरी कधी येतं? म्हणे, आता कसं जमन, बायका कामाले लागल्या, तुमी तुमचं पाहा. रागानं नाही बोलली. त्याचंच वाईट वाटलं.
भिंतीवर जिंकणाऱ्यांच्या फॉर्मची झेरॉक्स लावली होती. प्रश्न चारसमोर तिची एकच ओळ: नवऱ्यानं नोकरी सोडली.
तीनदा वाचली. बाजूच्या माणसाले सांगितलं, हा नवरा म्हणजे मी.
तो म्हणे, बरं.